धूसर फुटेजमधला चेहरा: हे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मुंबईत गुन्हा नोंदवला गेला की तपासाच्या पहिल्याच दिवशी फुटेज गोळा होतं. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा, समोरच्या मेडिकलचा, कोपऱ्यावरच्या सोनाराचा, स्टेशनच्या पुलावरचा, आणि २०१६ साली शहरभर सुरू झालेल्या पोलिसांच्या सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांपैकी जवळचा एखादा. फुटेज तासन्‌तास असतं. हवा असलेला माणूस मात्र त्यात चार-पाच सेकंद दिसतो, तोही छत्रीखाली, पाठीमागून उजेड येत असताना, आणि चेहरा पडद्यावर नखाएवढा. त्या नखाएवढ्या चेहऱ्यावरून कुणाला तरी अटक होते किंवा कुणी तरी सुटतो. म्हणून हे काम नीट शिकायला हवं.

न्यायसहायक विज्ञान शिकणारे विद्यार्थी, पोलीस ठाण्यात फुटेजचं काम पहिल्यांदाच अंगावर आलेले अंमलदार आणि अशा खटल्यात नव्याने उभे राहणारे वकील, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. ‘हा कोण?’ हा प्रश्न आपल्या कामात सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी विचारायचं ते हे, की या चित्रात माहिती उरली आहे किती? पुढच्या पायऱ्यांपैकी बहुतेक या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच आहेत, आणि कामाचा खरा वेळही तिथेच जातो.

१. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा

आईला आपला मुलगा अंधुक फुटेजमध्ये, मान खाली घातलेली असली तरी ओळखू येतो. त्यावरून आपण सगळेच चेहरे ओळखण्यात पटाईत आहोत असा समज होतो. तो चुकीचा आहे. १९९९ साली ग्लासगोमधल्या संशोधकांनी विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं हलक्या दर्जाचं फुटेज लोकांना दाखवलं. ज्यांना ते प्राध्यापक रोज भेटत होते त्यांनी ते सहज ओळखले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं त्यांची कामगिरी अगदीच कमी पडली, आणि त्यात पोलीस अधिकारीही होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात चांगल्या प्रतीच्या व्हिडिओतला चेहरा दहा फोटोंमधून निवडायचा होता. तिथेही दर दहा उत्तरांमागे साधारण तीन चुकली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी झाली. समोर उभ्या माणसाने दिलेला फोटो दुसऱ्याच कुणाचा असतानाही त्यांनी तो १४ टक्के वेळा मान्य केला, आणि नोकरीची वर्षं वाढली म्हणून चुका कमी झालेल्या दिसल्या नाहीत.

यातून कामाची एक गोष्ट घ्या. शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने फुटेज पाहून ‘हा अमुक’ म्हणणं ही साक्षीदाराने पटवलेली ओळख. आपण प्रतिमा शेजारी ठेवून करतो ती तुलना. दोन्ही वेगवेगळ्या कागदावर, वेगवेगळ्या माणसाच्या नावाने राहू द्या. साक्षीदाराला फुटेज दाखवायचंच असेल तर ‘हा तुमच्या चाळीतला तो ना?’ असं विचारू नका. नुसतं दाखवा, तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि पुढे ओळखपरेड घ्यायची असेल तर परेडच्या आधी साक्षीदाराला संशयिताचं फुटेज किंवा फोटो दाखवलाच जाऊ नये. तसं झालं की परेडचं वजन उलटतपासणीत पार जातं.

२. फुटेज हातात कसं आलं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि ते टाळणं सगळ्यात सोपं आहे. वॉचमनच्या केबिनमधल्या स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून ती क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवली जाते. स्क्रीनच्या रेघा, मोबाइलचं फोकस, मग व्हॉट्सॲपचं कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी केलेली काटछाट. आधीच मोजकी असलेली माहिती तीन वेळा गाळली जाते. तपासाची घाई असेल तर अशी क्लिप कुठे शोधायचं हे ठरवायला वापरा. तुलनेला ती घेऊ नका.

डीव्हीआरमधून, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या रेकॉर्डरमधून, मूळ फाइल, मूळ फॉरमॅटमध्ये, तिच्या प्लेअरसकट काढायची. निर्यात करताना ‘एव्हीआय’ किंवा ‘एमपी४’चा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात पुन्हा कॉम्प्रेशन होऊ शकतं, म्हणून तो जास्तीची प्रत म्हणून घ्या. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते त्याच क्षणी पाहून पंचनाम्यात लिहा. ज्या दिवशी समजलं त्याच दिवशी जा, कारण डिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. एकाच कॅमेऱ्यावर थांबू नका. संशयित रस्त्याने आला असेल तर त्याच्या वाटेवरच्या दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो अधिक जवळून, अधिक उजेडात दिसण्याची शक्यता असते. अंधुक फुटेज सुधारण्यात चार दिवस घालवण्यापेक्षा दोनशे मीटर चालून दुसरा कॅमेरा शोधणं कितीतरी फायद्याचं.

फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला की बदलणारा तिचा आकडी ठसा, लगेच काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅशची किंमत लिहावीच लागते. त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. जुन्या कायद्यात हे कलम ६५ब होतं. त्यावरचा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आला. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण हा पुरावा. मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने तेव्हा ठरवून टाकलं.

चित्रामागे माणूस उभा असला की त्याचं वजन वाढतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढलेले कसाबचे फोटो खटल्यात पुरावा म्हणून आले, आणि ते काढणारे डिसूझा स्वतः साक्षीला उभे राहिले. कॅमेरा कुठल्या खांबावर आहे, कोण सांभाळतं, रेकॉर्डिंग कुणी काढून दिलं, हे सांगणारा माणूस तुमच्याही फुटेजमागे हवा.

३. पिक्सेल मोजा

मूळ फाइल आली की चेहऱ्याकडे बघण्याआधी हिशेब करा. माणूस जिथे उभा आहे त्या अंतरावर एका मीटरमध्ये किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे सुटे ठिपके, पडतात ते काढायचं. त्याच जागी माहितीच्या लांबीची वस्तू शोधा. लॉबीत दोन बाय दोनची टाइल असेल तर तिची कड साधारण ६० सेंटिमीटर. कॅमेऱ्याला समांतर दिसणारी कड निवडा, तिचे पिक्सेल मोजा, मीटरला किती ते काढा. टाइल नसेल तर गेटचा खांब किंवा दरवाजाची चौकट जागेवर जाऊन टेपने मोजा.

समजा १,९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा सहा मीटरच्या गेटवर रोखलेला आहे. मीटरला ३२० पिक्सेल. चेहरा १६ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला सुमारे ५१ पिक्सेल येतात. तोच कॅमेरा सोसायटीने पैसे वाचवायला चोवीस मीटरचं अख्खं कंपाउंड दिसेल असा लावला, तर मीटरला ८० पिक्सेल आणि चेहऱ्याला जेमतेम १३. दोन डोळ्यांमधलं अंतर अवघे पाच पिक्सेल. पाच ठिपक्यांमध्ये भुवईचा आकार, पापणीची घडी, नाकाचा बांसा शोधायला निघालात तर जे सापडेल ते तुमच्या मनातलं असेल.

कॅमेरे बसवण्याच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरला २५० पिक्सेल आणि ओळखीच्या माणसाला ओळखायला १२५ पिक्सेल धरले आहेत. २५० म्हणजे चेहऱ्याला ४०. पासपोर्टच्या फोटोच्या मानकात नुसत्या दोन डोळ्यांमध्ये किमान ९० लागतात, यावरून अंदाज येईल. आणि २५० भरले म्हणून काम झालं असंही नाही. उजेड, हालचाल, कॉम्प्रेशन यांतलं एखादंही वाईट असलं तरी ते पिक्सेल रिकामेच. हा आकडा अहवालात पहिल्या पानावर लिहा. तो वाचून न्यायाधीशांना पुढच्या सगळ्या वाक्यांचं वजन कळतं.

४. चित्रात काय बिघडलंय ते लिहा

डाव्या गालावर काळा ठिपका दिसतो आहे. तीळ आहे का? नवशिक्याला असा ठिपका सापडला की फार आनंद होतो, म्हणून याच उदाहरणावर थांबू.

पिक्सेल सुटे दिसेपर्यंत चित्र मोठं करा. कॉम्प्रेशन चित्राचे लहान लहान चौकोन पाडून काम करतं, जेपेगमध्ये ८ बाय ८ पिक्सेलचे. ठिपक्याची कड अशा चौकोनाच्या कडेला तंतोतंत चिकटून असेल तर संशय घ्या. मग मागच्या-पुढच्या फ्रेम पाहा. माणूस दोन पावलं पुढे आला, मान थोडी वळली. खरा तीळ गालाबरोबर सरकतो, मान वळली की कडेला जातो, मोठा-लहान होतो. कॉम्प्रेशनचा डाग मागेच राहतो किंवा मध्येच नाहीसा होतो. लेन्सवरचा पावसाचा थेंब किंवा धूळ तर माणूस फ्रेमबाहेर गेल्यावरही पडद्यावर त्याच जागी असते. तीन-चार वेगवेगळ्या फ्रेममध्ये ठिपका चेहऱ्यावरच्या त्याच ठिकाणी टिकला, तरच त्याला ‘खूण’ म्हणून टिपणात जागा द्या.

फ्रेम निवडताना आय-फ्रेम घ्या. रेकॉर्डरमध्ये काही काही वेळाने एक फ्रेम पूर्ण साठवली जाते, तिला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेला असतो आणि बाकीचं चित्र शेजारच्या फ्रेमवरून बांधलेलं असतं. त्या मधल्या फ्रेममधला ओठाचा आकार किती खरा हे सांगणं कठीण.

रात्रीच्या फुटेजमध्ये रंगावर विसंबू नका. अंधार झाला की कॅमेरे इन्फ्रारेडवर जातात आणि चित्र काळं-पांढरं होतं. इन्फ्रारेडमध्ये काही काळे कपडे पांढरट दिसतात, कातडीवरचे डाग फिके पडतात. ‘पांढरा शर्ट घातलेला इसम’ असं रात्रीच्या फुटेजवरून लिहिलं गेलं आणि जप्तीत काळा शर्ट आला, तर अडचण पुराव्याची नाही, लिहिणाऱ्याची आहे.

जुन्या डीव्हीआरमध्ये चित्र अर्ध्या उंचीचं साठवलेलं असतं आणि प्लेअर ते ताणून दाखवतो. ताण चुकला की गोल चेहरा लांबट होतो. फ्रेममध्ये कुठे आडव्या उभ्या स्कूटरचं चाक बाजूने पूर्ण दिसत असेल तर ते गोल आहे का पाहा. लेन्सचं अंतरही लक्षात घ्या: एटीएमसारख्या अगदी जवळच्या कॅमेऱ्यात नाक फुगतं आणि कान मागे लपतात. त्याच माणसाचा स्टुडिओतला फोटो शेजारी ठेवला तर दोन भाऊ वाटतील.

५. सुधारणा किती करायची

मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम. उजेड, कॉन्ट्रास्ट, लेन्सचा वाकडेपणा, हलणारी फ्रेम स्थिर करणं, चित्र मोठं करणं, हे सगळं चालतं. अट एकच: प्रत्येक बदल क्रमाने आणि आकड्यांसकट नोंदवलेला हवा, म्हणजे दुसरा माणूस तेच करून त्याच चित्रापर्यंत पोहोचेल.

एकापेक्षा जास्त फ्रेम असतील तर त्यांची सरासरी काढणं ही उपयोगी वाट आहे. चेहरा स्थिर असेल, तर लागोपाठच्या फ्रेम एकमेकींवर नीट बसवून सरासरी घेतली की प्रत्येक फ्रेममधली वेगळी खरखर एकमेकींना मारते आणि कायम असलेलं तेवढं उरतं. २०१८ मध्ये ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन एकाच माणसाच्या वेगवेगळ्या पिक्सेल फुटलेल्या फोटोंची सरासरी काढली. माणसांची उत्तरं सुधारली, आणि मोठ्या फोटोसंग्रहात शोध घेणाऱ्या संगणक प्रणालीचीही. मात्र सगळे फोटो एकाच माणसाचे आहेत हे आधी पक्कं हवं. पुलावर गर्दीत दिसेनासा होऊन पुन्हा ‘दिसलेला’ माणूस तोच कशावरून, हे ठरल्याशिवाय सरासरी काढली तर दोन माणसांचा मिळून तिसराच चेहरा तयार होतो. सरासरीसोबत तिच्यातल्या सगळ्या मूळ फ्रेमही अहवालाला जोडा.

‘फोटो क्लिअर करा’ म्हणणारी एआय ॲप्स या कामाला पूर्ण वर्ज्य. ती चित्रातली हरवलेली माहिती शोधून आणत नाहीत. शिकवताना दाखवलेल्या हजारो चेहऱ्यांवरून पटेल असा नवा चेहरा भरतात. २०२० मध्ये पल्स नावाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा पिक्सेल फुटलेला फोटो दिला गेला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा सुबक, स्पष्ट चेहरा तयार करून दिला. ओबामा होते म्हणून जगाच्या लक्षात आलं. धारावीतला किंवा विरारचा कुणी अनोळखी तरुण असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं?

६. तुलना

इथला क्रम पाळलात तर निम्मी चूक टळते. आधी फक्त फुटेजमधला चेहरा बघा. त्यात काय स्पष्ट दिसतं, काय अर्धवट, काय दिसतच नाही, हे लिहून, तारीख-वेळ घालून बंद करा. मगच संशयिताचा फोटो उघडा. उलटं केलं की फोटोत पाहिलेली भुवईवरची खूण तुम्हाला फुटेजच्या धुक्यातही दिसू लागते. तपास अधिकारी फोनवर ‘त्याने कबूल केलंय, फक्त रिपोर्ट द्या’ म्हणाले तर त्यांना नम्रपणे सांगा, की हे मला आत्ता ऐकायचं नाही.

संशयिताचा फोटो शक्य असेल तर नव्याने काढून घ्या, फुटेजमधल्याच कोनातून, तेवढ्याच अंतरावरून. लग्नाच्या अल्बममधला रिटच केलेला फोटो किंवा मोबाइलचा ब्यूटी मोड लावलेला सेल्फी घेऊ नका, त्यात नेमके तीळ आणि सुरकुत्याच पुसलेल्या असतात.

तुलना करायची ती आकारांची, एकेका अवयवाने. चेहऱ्याची ठेवण, केसांची कड, कपाळ, भुवया, डोळे, नाक, ओठ, हनुवटी, कान, वण आणि तीळ. चेहऱ्याच्या तुलनेवर काम करणाऱ्या एफआयएसडब्ल्यूजी या आंतरराष्ट्रीय गटाने अशी सविस्तर यादी केली आहे आणि तुलनेसाठी हीच पद्धत सुचवली आहे. कानाकडे विशेष लक्ष द्या. पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, वरची कड कशी वळते, हे दाढी-मिशीने किंवा वजनाने फारसं बदलत नाही, आणि छतावरच्या कॅमेऱ्यात कान पुष्कळदा नाकापेक्षा बरा दिसतो.

फोटोवर पट्टी ठेवून नाक-डोळ्यांची अंतरं मोजणं आणि गुणोत्तरं काढणं सोडून द्या. मान पाच-दहा अंश वळली, कॅमेरा थोडा वर गेला, की सगळी अंतरं बदलतात. त्याच गटाने ही पद्धत ओळख पटवण्यासाठी वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. एकावर एक चेहरा ठेवून दाखवणं न्यायालयात छान दिसतं, पण ते एकट्याच्या जोरावर काही सिद्ध करत नाही.

फरक आढळला तर त्याला तितकीच जागा द्या. दाढी, वजन, वय, हावभाव यांनी समजावता येतो का? नसेल येत, तर एक ठाम फरक दहा साम्यांना पुरून उरतो.

७. संगणकाने नाव दिलं तर

चेहरा शोधणारी प्रणाली ‘हाच तो’ असं सांगत नाही, ती जवळ जाणाऱ्या चेहऱ्यांची यादी देते. खरा माणूस संग्रहात नसला तरीही यादी येतेच. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका दुकानातल्या चोरीच्या अंधुक फुटेजवरून अशा शोधात रॉबर्ट विल्यम्स यांचं नाव निघालं आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांना घरासमोर, पत्नी-मुलींच्या देखत अटक झाली. ते निर्दोष होते. यादीतलं नाव म्हणजे चौकशी सुरू करायचं निमित्त, त्याहून जास्त काही नाही. चांगली बाजूही आहे. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित परीक्षक आणि उत्तम संगणक प्रणाली यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दिलेली उत्तरं एकत्र केल्यावर निकाल सगळ्यात अचूक आला. त्यातला ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द विसरू नका.

८. मत लिहिताना

‘९५ टक्के तोच’ असं कधीही लिहू नका. मुंबईत किती जणांच्या कानाची पाळी सुटी आणि हनुवटीला खळगा आहे याची मोजदाद कुणाकडे नाही, मग टक्का आला कुठून? मत पायऱ्यांत द्या: दोन्ही चेहरे एकाच माणसाचे असण्याला निष्कर्षांचा भक्कम आधार आहे, मध्यम आहे, थोडा आहे, किंवा दोन माणसं वेगळी असण्याला आधार आहे. आणि मधली पायरी, काहीच सांगता येत नाही. तेरा पिक्सेलच्या चेहऱ्यासाठी प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. ते देताना कमीपणा वाटून घेऊ नका, पोलीस ठाण्यातून कितीही फोन आले तरी. त्या उत्तरामुळे तपास दुसऱ्या कॅमेऱ्याकडे, मोबाइलच्या लोकेशनकडे, बोटांच्या ठशांकडे वळतो.

अहवाल जाण्याआधी दुसऱ्या परीक्षकाने सगळं नव्याने तपासावं, तुमचा निष्कर्ष न वाचता. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तुमचं मत हे मतच असतं. बाकीच्या पुराव्यासोबत ते तोलायचं काम न्यायालयाचं. उलटतपासणीत ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं विचारलं जाईल तेव्हा अहवालातलीच पायरी तेवढ्याच शब्दांत सांगा, वर काही चढवू नका.

९. सराव

वाचून हे येत नाही. सोसायटीची परवानगी घेऊन गेटच्या कॅमेऱ्यात दहा-बारा मित्रांना दिवसा, संध्याकाळी आणि रात्री चालायला लावा, काहींना टोपी, काहींना छत्री द्या. शक्य असेल तर त्यात दोन सख्खे भाऊ असू द्या. मित्र तुमचे असतील तर तुलना दुसऱ्या बॅचकडून करून घ्या आणि तुम्ही त्यांच्या मित्रांची करा, कारण ओळखीच्या चेहऱ्यांवर सराव होत नाही. काही जोड्या मुद्दाम खोट्या ठेवा. उत्तरं बंद पाकिटात, आणि प्रत्येक उत्तरासमोर त्या चेहऱ्याचे पिक्सेल. महिनाभराने पाकीट उघडून कुठल्या आकड्याखाली तुमच्या चुका वाढल्या तो आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सहभागी झालेल्या सगळ्यांची लेखी संमती घ्या, आणि सराव संपला की त्यांचं फुटेज पुसून टाका.